ससून: आठ मुलगे, अफूच्या पेट्या आणि मुंबई-पुण्यातल्या दगडी इमारती

डेव्हिड ससून मुंबईत आले ते 1832 मध्ये. वय चाळीस. बगदाद सुटलेलं, वडील परक्या बंदरात वारलेले, पहिली बायको त्याआधीच गेलेली, दुसरा संसार आणि पदरात पोरंबाळं. इंग्रजीचा गंध नव्हता आणि शेवटपर्यंत ती भाषा त्यांना धड आलीच नाही. 1853 मध्ये ब्रिटिश प्रजाजन म्हणून कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती हिब्रू अक्षरांत केली. असा माणूस तीस वर्षांत मुंबईतल्या पहिल्या काही धनिकांत जाऊन बसला. बुशहरपासून शांघायपर्यंत त्याच्या पेढीची माणसं बसली. पुण्यातलं ससून रुग्णालय त्याच्या दानातून उभं राहिलं, काळा घोड्याजवळचं वाचनालय त्याच्या नावाचं झालं आणि त्याच्या मुलाने कुलाब्याला ससून डॉक बांधला. पुढे, मुंबईत पाऊल ठेवल्याला सव्वाशे वर्षं व्हायच्या आत, हे घराणं हिंदुस्थान आणि चीन या दोन्ही ठिकाणच्या धंद्यातून बाहेर पडलेलं होतं.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. एक, अफूचा व्यापार प्रत्यक्षात चालायचा कसा. दुसरी, आठ मुलगे असलेल्या बापाने त्या मुलांचा धंद्यासाठी कसा वापर केला. बाकीचं सगळं या दोन्हींतून निघतं.

बगदाद ते मुंबई

डेव्हिडच्या वडिलांचं नाव ससून बिन सालेह. वडिलांचं हे नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. ते बगदादच्या पाशाचे, म्हणजे तिथल्या तुर्की सुभेदाराचे, खजिनदार होते. कर गोळा करणं, पाशाला कर्ज देणं, नाण्यांचा व्यवहार पाहणं ही त्यांची कामं. तिथल्या ज्यू समाजाचं पुढारपणही त्यांच्याकडेच होतं. म्हणजे डेव्हिड रिकाम्या हाताने वाढलेला पोर नव्हता. पैशाचा व्यवहार, राज्यकर्त्याची मर्जी आणि ती फिरली की काय होतं, हे तिन्ही त्याने घरातच पाहिलं होतं.

मर्जी फिरली ती दाऊद पाशाच्या काळात. पैशाच्या चणचणीतला हा राज्यकर्ता श्रीमंत ज्यूंना पकडून त्यांच्याकडून खंडणी उकळायचा. डेव्हिडलाही पकडलं, वडिलांनी पैसे भरून सोडवलं आणि मग कुटुंबाने बगदाद सोडलं. ते इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरात पोचले. निघताना कपड्यांच्या अस्तरात मोती शिवून घेतले होते असं घराण्यात सांगत. बुशहरमध्ये वडील वारले. तिथे मुंबईशी व्यवहार असलेले व्यापारी भेटत आणि त्यांच्या बोलण्यातून मुंबईचं चित्र उभं राहत होतं: इंग्रजांचा कायदा, करार पाळले जाणारं बाजारपेठेचं शहर, कुठल्याही धर्माच्या माणसाला धंद्याची मोकळीक.

मुंबईत त्यांनी फोर्टात, टॅमरिंड लेनमध्ये पेढी मांडली. सुरुवातीचा व्यापार आखाताशी होता. इंग्रजी कापड तिकडे पाठवायचं, तिकडून खजूर, कातडी, घोडे, मोती आणायचे. यात काही विलक्षण नव्हतं. मुंबईत पारशी, गुजराती, भाटिया, खोजा व्यापारी होते, ते याहून कितीतरी मोठे होते.

पण एक वेळ अचूक साधली गेली. 1833 च्या सनदेनुसार चीनशी व्यापार करण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली. डेव्हिड ससून यांचं बस्तान बसत होतं नेमक्या त्याच वर्षांत.

अफूचा हिशोब

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण ससूनांबद्दल लिहिताना बहुतेक जण हा भाग दोन ओळींत उरकतात.

इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. चीनला इंग्रजांकडून फारसं काही नको होतं, त्यामुळे चहाची किंमत चांदीत चुकवावी लागे. चांदीचा हा ओघ थांबवायला एक असा माल हवा होता जो चीनमध्ये हमखास खपेल. तो माल म्हणजे अफू. चीनच्या बादशहाने अफूला बंदी घातली होती, पण किनाऱ्यावर चोरटा व्यापार जोरात चालायचा. ती बंदी अमलात आणायचा कसून प्रयत्न झाला तेव्हा ब्रिटनने 1839 मध्ये युद्ध केलं. 1842 च्या नानकिंग तहाने शांघायसह पाच बंदरं उघडली आणि हाँगकाँग ब्रिटनकडे गेलं. दुसऱ्या युद्धाच्या दरम्यान, 1858 मध्ये, अफूची आयात चीनला रीतसर मान्य करावी लागली.

हिंदुस्थानातून अफू दोन वाटांनी जायची. बंगालकडची अफू सरकारच्या ताब्यातली. शेतकऱ्याला सरकारच आगाऊ रक्कम द्यायचं, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत माल तयार व्हायचा आणि कलकत्त्यात त्याचा लिलाव व्हायचा. माळव्याची अफू मात्र इंदूर, ग्वाल्हेर, धार अशा संस्थानांत पिकायची. तिथे इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरी युक्ती केली. माल मुंबई बंदरातून बाहेर न्यायचा असेल तर दर पेटीमागे परवाना-शुल्क भरा. 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती आला, कराचीची चोरवाट बंद झाली आणि मग हे शुल्क वर्षागणिक वाढवता आलं. त्या चाळीसच्या दशकातच ते पेटीमागे 400 रुपयांपर्यंत गेलं. एका पेटीत साधारण 60 ते 65 किलो माल. एका टप्प्यावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा अफूतून येत होता. म्हणजे हा कुणा गल्लीतल्या चोरट्याचा धंदा नव्हता, सरकारच त्याचं सर्वांत मोठं भागीदार होतं.

माळव्याच्या मालात हात घालायला मुंबईत आधीपासून मोठी नावं होती. जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्याशी जोडलेली जार्डिन मॅथेसन ही स्कॉटिश कंपनी यांचा दबदबा होता. ससून उशिरा आले. तरी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला जार्डिन मॅथेसन या धंद्यातून बाजूला झाली आणि ससून पुढे राहिले. का?

कारण ससूनांनी साखळीतल्या मधल्या कड्या काढून टाकल्या. इतर कंपन्या बऱ्याचदा आडत्याचं काम करत. दुसऱ्याचा माल विकून द्यायचा, टक्केवारी घ्यायची. ससूनांची पद्धत वेगळी होती. पीक शेतात उभं असतानाच ते माळव्यातल्या व्यापाऱ्यांना उचल द्यायचे. खसखशीच्या बोंडांना चिरा पडून चीक गोळा व्हायच्या आधीच माल ससूनांचा झालेला असायचा, तोही बाजारभावापेक्षा स्वस्तात. पुढे मुंबईतलं गोदाम त्यांचं. शांघायमध्ये माल उतरवून घेणारा, तिथल्या भावाचा अंदाज घेणारा, साठा किती दिवस दाबून ठेवायचा ते ठरवणारा माणूस त्यांचा. भाव पडला तर मुंबईत चढ्या दराने घेतलेल्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघे, ससून तग धरून राहत.

उचलीचा हा व्यवहार आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. पिकाआधी पैसे देणारा भावही आधीच ठरवतो. माळव्यातल्या ज्या हातांनी पहाटे उठून बोंडांवरचा चीक खरवडला त्यांच्याकडे या साखळीतला किती पैसा उरला असेल, हे कुणी वेगळं सांगायला नको. चीनमधल्या घराघरांत या मालाने जे केलं ते तर त्याहून भयंकर होतं. त्या काळात हे कुणाला कळत नव्हतं, असंही नाही. ब्रिटनमध्येच अफूविरोधी चळवळ उभी राहिली होती, 1893 मध्ये शाही आयोग नेमला गेला. तरी हिंदुस्थानची चीनला जाणारी अफू बंद व्हायला 1913 साल उजाडलं. शेवटपर्यंत तो धंदा करणाऱ्यांत ससून होते.

मुलगे नेमले, पगारी माणसं नव्हे

शांघायमधला तो माणूस कोण? एलियास, डेव्हिडचा दुसरा मुलगा. 1844 मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, बापाने त्याला चीनला पाठवलं. कँटन, हाँगकाँग, मग शांघाय. तिथे वर्षानुवर्षं तो जवळजवळ एकटा राहिला.

डेव्हिडना दोन बायकांपासून मिळून आठ मुलगे. पहिल्या पत्नीचे अब्दुल्ला आणि एलियास, दुसऱ्या पत्नीचे सहा. थोरल्या अब्दुल्लाला आखाताकडचा व्यापार शिकवला, एलियासला चीन. धाकट्यांना पाळीपाळीने हाँगकाँग-शांघायला पाठवायचं, परत मुंबईत आणायचं, पुन्हा दुसरीकडे पाठवायचं. तिसरा मुलगा एस. डी. ससून 1858 मध्ये लंडनला जाऊन राहिला. त्या काळात मुंबईहून चीनला निरोप पोचायला आठवडेच्या आठवडे जात. हजारो मैलांवर लाखोंचा माल ज्याच्या भरवशावर सोडायचा तो माणूस फसवणार नाही याची हमी काय? डेव्हिड ससून यांचं उत्तर होतं रक्त. मुलगा बापाला फसवणार नाही, आणि फसवलं तरी पैसा घरातच राहील.

पेढीचा पत्रव्यवहार चालायचा बगदादी ज्यूंच्या अरबी बोलीत, पण लिपी हिब्रू. हे दृश्य मला फार बोलकं वाटतं. मुंबईत लिहिलेलं, भाव आणि पेट्यांच्या आकड्यांनी भरलेलं एक पत्र शांघायला जातंय. वाटेत ते इंग्रज कारकुनाच्या हाती पडलं तर त्याला अक्षर ओळखता येत नाही, हिब्रू शिकलेल्या पाद्र्याच्या हाती पडलं तर अक्षरं कळतात पण भाषा कळत नाही. वेगळी सांकेतिक लिपी करायची गरजच पडली नाही.

मुलगे पुरेनात तेव्हा डेव्हिडनी बगदादहून तरुण बोलावले. मुंबईत त्यांच्यासाठी शाळा काढली. तिथे हिब्रू-अरबीबरोबर इंग्रजी आणि हिशेब शिकवायचे, मग पेढीत नोकरी. राहायला जागा, प्रार्थनेला सिनेगॉग, आजारपणात औषधपाणी, मेल्यावर दफनभूमी, सगळं पेढीकडून. पुढे शांघायमध्ये गडगंज झालेले सायलस हार्डून आणि एली कदूरी हे दोघेही बगदादचे आणि दोघांचीही सुरुवात ससूनांच्या पेढ्यांत झाली.

या सगळ्यात एक गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. मुंबईत ज्यू होते ते ससूनांच्या कितीतरी आधीपासून. अलिबाग, नागाव, नवगावकडचे बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, कीर्तनंही मराठीत. समाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवीला त्यांचं सिनेगॉग बांधलं होतं. नव्याने आलेले बगदादी ज्यू आधी त्यांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जात. हातात पैसा आल्यावर त्यांनी अंतर राखायला सुरुवात केली. बेने इस्राएलांच्या रीती शुद्ध आहेत का अशी शंका काढायची, लग्नसंबंध टाळायचे, दफनभूमीतही वेगळी जागा मागायची. निर्वासित म्हणून आलेल्यांनी इथल्या जुन्या, गरीब भाऊबंदांना बाजूला सारावं, ही या घराण्याच्या गोष्टीतली मला सर्वांत खटकणारी बाब आहे.

दान

डेव्हिड ससून यांनी दिलं मात्र भरभरून, आणि फक्त आपल्या धर्माच्या लोकांना दिलं असंही नाही. माहीमला आज असलेली डेव्हिड ससून औद्योगिक शाळा मुळात 1857 मध्ये वाट चुकलेल्या मुलांसाठी निघाली. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचं रुग्णालय. रुग्णालयाची पायाभरणी 1863 मध्ये झाली, इमारत पुरी झाली 1867 मध्ये. ते पाहायला डेव्हिड हयात नव्हते.

पुण्यात त्यांचा बंगला होता, गार्डन रीच. तिथेच नोव्हेंबर 1864 मध्ये ते वारले. कॅम्पात त्यांनी बांधायला घेतलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, पुणेकरांचं लाल देऊळ, तेव्हा पुरं व्हायचं होतं. त्याच्याच आवारात त्यांची समाधी आहे. सिनेगॉग, रुग्णालय आणि बंगला या तिन्हींचा वास्तुकार एकच, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स.

मुंबईच्या वाचनालयात जिन्याशी डेव्हिडचा संगमरवरी पुतळा आहे. जवळ जाऊन पाहिला की कळतं, अंगावर सगळा बगदादी पेहराव आहे, झगा आणि पागोटं. टोपी-कोट नाही. मुलांनी, नातवांनी ते सगळं सोडलं. बापाने सोडलं नाही.

हा पैसा अफूचा होता म्हणून दान खोटं ठरतं का, असा प्रश्न येतो. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. ससून रुग्णालयात गेली दीडशे वर्षं ज्यांना कुठेच उपचार परवडत नाहीत त्यांचे जीव वाचले आहेत, ते खरंच आहे. त्याच वेळी चीनमधली घरं उद्ध्वस्त झाली आणि त्यांना कुणीही रुग्णालय बांधून दिलं नाही, हेही तितकंच खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. इमारतीपुढच्या फलकावर दात्याचं नाव लिहायला आपण विसरत नाही. पैसा कुठून आला तेही तिथे एका ओळीत लिहायला काहीच हरकत नसावी.

भावांचं बिनसलं

बाप गेल्यावर पेढीची सूत्रं थोरल्याकडे आली. अब्दुल्ला आता अल्बर्ट झाला होता. एलियासला वाटत होतं, चीनचा सगळा व्यापार मी उभा केला, मला बरोबरीचा हक्क हवा. तो मिळाला नाही. 1867 मध्ये तो वेगळा झाला आणि त्याने ई. डी. ससून कंपनी काढली. शांघायमध्ये लोक एकीला जुनी ससून म्हणायचे आणि दुसरीला नवी ससून. दोन्हींचा धंदा तोच, बंदरं तीच, गिऱ्हाईक तेच. ज्या रक्ताच्या भरवशावर बापाने सगळं उभं केलं होतं त्याच रक्ताने आता स्पर्धा मांडली.

अल्बर्ट वाईट व्यापारी नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मग 1865 मध्ये शेअरबाजार कोसळून कितीतरी घरं बसली, त्यात ससूनांची पेढी बुडाली नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला तेव्हा मुंबईला आता चांगली गोदी लागणार हे त्याने ओळखलं. समुद्रात भराव घालून कुलाब्याला बांधलेला ससून डॉक 1875 मध्ये सुरू झाला, पुढे तो सरकारने विकत घेतला. आज तिथे पहाटे मासळीचा बाजार भरतो. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्टने त्याचा घोड्यावरचा पुतळाही मुंबईला दिला. त्यावरूनच तो परिसर काळा घोडा झाला. मूळ पुतळा 1965 मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला. आता चौकात आहे तो 2017 मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा.

पण अल्बर्टचं मन लंडनकडे लागलं होतं. 1872 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, 1890 मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरेने चालणारी पदवी. रूबेन आणि आर्थर हे भाऊ युवराजाच्या मित्रमंडळात रमले. धंदा हिंदुस्थानात आणि चीनमध्ये, मालक मात्र लंडन-ब्रायटनच्या मेजवान्यांत. शिवाय तारायंत्र आलं होतं. शांघायचा भाव आता काही तासांत सगळ्यांनाच कळायला लागला. दूरच्या बंदरात विश्वासू भाऊ बसवण्याचा जो फायदा होता, तोच तारेने हिरावून घेतला. जुन्या पेढीची घसरण मला तरी इथून सुरू झालेली दिसते.

फराहा

या उताराला सुमारे सात वर्षं एका बाईने बांध घातला होता, आणि तिचं नाव मुंबईत फारसं कुणाला ठाऊक नाही.

फराहा 1859 मध्ये मुंबईत जन्मली. आई अल्बर्टची मुलगी. लग्न झालं ते डेव्हिडचा धाकटा मुलगा सॉलोमन याच्याशी, म्हणजे आईच्या सावत्र काकाशी. नात्यात लग्न करून पैसा घरात ठेवायची ही रीत त्या घराण्यात होतीच. भाऊ एकामागून एक लंडनला गेले तेव्हा मुंबईची पेढी सॉलोमननेच सांभाळली. 1894 मध्ये तो वारला आणि फराहा पस्तिशीत विधवा झाल्या. तीन मुलं पदरात, त्यातली एक मुलगी आजारी.

त्या पेढीवर जाऊन बसल्या. 1894 मध्ये, मुंबईत, एक विधवा देशोदेशी पसरलेल्या कंपनीचा कारभार पाहते ही साधी गोष्ट नव्हती. त्या अरबी, हिब्रू, हिंदुस्थानी, इंग्रजी सहज बोलत आणि ज्यू धर्मग्रंथांचा त्यांचा अभ्यास रब्बींना वादात गप्प करेल असा होता. वाल्डेमार हाफकीन मुंबईत लसीचं काम करत होते. लोक सुईला घाबरत होते, अफवा पसरल्या होत्या. फराहांनी हाफकीनना उघड पाठिंबा दिला आणि लोकांना धीर यावा म्हणून स्वतः लस टोचून घेतली. प्लेगच्या त्या वर्षांत पुण्यात सरकारी जुलमावरून रँडचा खून होण्यापर्यंत प्रकरण गेलं होतं. तेव्हा समजुतीने, स्वतःच्या दंडावर सुई घेऊन लोकांना पटवू पाहणारी ही बाई मला मोठी वाटते.

1901 मध्ये पेढीची रचना बदलून ती मर्यादित कंपनी झाली आणि सूत्रं लंडनकडे गेली. फराहा मुलांना घेऊन विलायतेला गेल्या. त्यांच्यानंतर जुन्या ससूनला मुंबईत त्यांच्या तोडीचं माणूस मिळालं नाही.

लंडनमधल्या शाखा तोवर वेगळ्याच वाटांनी गेल्या होत्या. एस. डी. ससूनची मुंबईत जन्मलेली मुलगी रेचल बिअर ही ऑब्झर्व्हर आणि संडे टाइम्स या दोन मोठ्या वृत्तपत्रांची संपादक झाली, ब्रिटनमध्ये त्या जागी बसलेली पहिली स्त्री. त्याचा नातू सिगफ्रीड पहिल्या महायुद्धात लढला, शौर्यपदक मिळवलं आणि 1917 मध्ये त्याच युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. त्याच्या कविता आजही वाचल्या जातात. अल्बर्टचा नातू फिलिप खासदार आणि मंत्री झाला. धंद्याकडे यांतलं कुणीच वळलं नाही.

गिरण्या, संप आणि शांघाय

नवी ससून मात्र तेजीत होती. एलियासचा मुलगा जेकब याने अफूवरचं अवलंबन कमी करत पैसा मुंबईच्या कापडगिरण्यांत घातला. जेकब ससून मिल, रेचल ससून मिल, अलेक्झांड्रा, मँचेस्टर, अपोलो, एलफिन्स्टन. 1920 च्या दशकात हा मुंबईतला सर्वांत मोठा गिरणी-गट होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली हजारो माणसं या खात्यांत राबत होती. फोर्टातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जेकबने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सलाही मोठी देणगी दिली. त्याला मूलबाळ नव्हतं. त्यालाही मिळालेली बॅरोनेटची पदवी आणि कारभार पुतण्या व्हिक्टरपर्यंत आला.

व्हिक्टर 1881 मध्ये नेपल्सला जन्मला, शिक्षण इंग्लंडात. पहिल्या महायुद्धात विमान कोसळून कमरेला दुखापत झाली, त्यानंतर जन्मभर दोन काठ्या घेऊन चालला. मुंबईत आला तेव्हा गिरणीधंद्यापुढे जपानी कापडाचं संकट होतं. ससून गटाने खर्च कमी करायला कामगारावरचा भार वाढवायचं ठरवलं. जिथे एक विणकर दोन साचे चालवायचा तिथे तीन चालवावेत. साचा म्हणजे माग. तुटणाऱ्या सुतावर लक्ष ठेवत दोन साच्यांमध्येच विणकराची दमछाक व्हायची. त्यात तिसरा आला म्हणजे शेजारच्या कुणाची तरी नोकरी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. 1927 मध्ये याच गटाच्या गिरण्यांत त्यावरून संप झाले आणि 1928 चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप पेटायला जी कारणं होती त्यात ही योजना पुढे होती.

पुढच्याच वर्षी कामगारांची स्थिती तपासायला व्हिटली आयोग नेमला गेला. त्यात एका बाजूला कामगारांचे कैवारी ना. म. जोशी बसले होते आणि दुसरीकडे सदस्य म्हणून सर व्हिक्टर ससून. एकाच टेबलावर बसून दोघांनी साक्षी ऐकल्या.

संप, कर आणि स्वराज्याची चाहूल यांमुळे व्हिक्टरने पैसा हिंदुस्थानातून काढून शांघायला न्यायचं ठरवलं. तिथल्या नदीकाठी त्याने आधीच टोलेजंग ससून हाऊस आणि त्यात कॅथे हॉटेल बांधलं होतं, 1929 मध्ये. हिरव्या पिरॅमिडसारख्या छताची ती इमारत आज पीस हॉटेल म्हणून ओळखली जाते. मग आणखी हॉटेलं, घरांच्या इमारती. हिटलरच्या छळातून सुटलेले हजारो ज्यू शांघायला पोचले तेव्हा त्यांच्या मदतीला तो पुढे आला, आपली जागा आणि पैसा दिला. त्याचा पणजोबाही असाच जीव घेऊन पळाला होता.

मुंबईतल्या गिरण्या त्याने 1943 मध्ये विकल्या. नव्या मालकांनी नाव दिलं इंडिया युनायटेड मिल्स. दादरला चैत्यभूमीजवळ ज्या जागेवर डॉ. आंबेडकरांचं स्मारक होतंय ती इंदू मिल याच समूहातली सहा नंबरची. शांघायचं काय झालं ते ठरलेलंच होतं. 1949 मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि नदीकाठची सगळी मालमत्ता गेली. हिंदुस्थान अस्थिर म्हणून सोडला आणि सगळं नेऊन ठेवलं ते त्याहून अस्थिर जागी. उरलेलं घेऊन व्हिक्टर बहामा बेटांवर गेला. घोड्यांचा नाद मात्र शेवटपर्यंत टिकला, त्याच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी चारदा जिंकली. 1959 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी लग्न केलं. दोन वर्षांनी तो वारला. मूल नव्हतं, त्यामुळे बॅरोनेटची पदवीही तिथेच संपली. अल्बर्टच्या शाखेची पदवी फिलिपबरोबर 1939 मध्येच गेली होती.

राहिली फराहांची शाखा. मुंबईत 1880 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा डेव्हिड सॉलोमन व्यापारात रमला नाही. तो जुनी हिब्रू हस्तलिखितं गोळा करायचा. 1929 मध्ये त्याने 350 पौंडांना एक जाडजूड चर्मपत्री ग्रंथ घेतला, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं, जवळजवळ पूर्ण असलेलं हिब्रू बायबल. पुढे वारसांनी संग्रह थोडाथोडा विकला. कोडेक्स ससून या नावाने ओळखला जाणारा तो ग्रंथ मे 2023 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात 3 कोटी 81 लाख डॉलरला गेला आणि घेणाऱ्याने तो तेल अवीवच्या संग्रहालयाला देऊन टाकला.